विश्लेषण : जुन्या इंजिनला ‘जाड’ ऑइल घालावे का? डब्यावरची अक्षरे आणि आकडे काय सांगतात?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की मेकॅनिक हमखास सांगतो, ‘काका, गाडी आता सोळा वर्षांची झाली. या वेळी जरा जाड ऑइल टाकू या. आवाज कमी होईल, धूरही थांबेल.’ दुकानात जावे तर काउंटरवर डब्यांची रांग. एकावर २०डब्ल्यू-४०, दुसऱ्यावर ५डब्ल्यू-३०. कुठे एसएल, कुठे एसपी, कुठे जासो एमए-२. गाडीचे मॅन्युअल हरवलेले असते, किंवा त्यात छापलेला दर्जा बाजारातून कधीच गेलेला असतो. अशा वेळी चुकीचे ऑइल पडले तरी इंजिन त्याच दिवशी बंद पडत नाही. झीज हळूहळू वाढते आणि वर्ष-दोन वर्षांनी इंजिन खोलायची वेळ येते. रोजच्या कामासाठी, धंद्यासाठी जुन्याच गाडीवर अवलंबून असलेल्यांना हा खर्च परवडणारा नसतो. म्हणून जुन्या इंजिनसाठी ऑइल निवडताना काय पाहायचे, याचा हा आढावा.

डब्यावर कोणत्या दोन गोष्टी पाहायच्या?

इंजिन ऑइलच्या डब्यावर जाहिरातीचा मजकूर बराच असतो. पण कामाच्या गोष्टी दोनच. पहिली म्हणजे ग्रेड, उदाहरणार्थ २०डब्ल्यू-५०. ऑइल किती दाट आहे, हे त्यावरून कळते. दुसरी म्हणजे सर्व्हिस रेटिंग किंवा दर्जा, उदाहरणार्थ एपीआय एसएन. ऑइल झीज, गाळ, गंज आणि उष्णता यांच्यापासून इंजिनचे कितपत रक्षण करते, याच्या चाचण्या त्याने पार केल्या आहेत का, हे त्यावरून कळते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही. दाट ऑइल म्हणजे चांगले ऑइल नव्हे. जुन्या, खालच्या दर्जाचे ऑइलही २०डब्ल्यू-५० असू शकते आणि अद्ययावत दर्जाचेही. जुन्या गाड्यांबाबतचा बहुतेक गोंधळ या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे होतो. दर्जा वाढवायला हवा तिथे दाटपणा वाढवला जातो.

‘२०डब्ल्यू-५०’ म्हणजे नेमके काय?

दाटपणाची ही पद्धत एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेची. तिने ऑइलचे पहिले वर्गीकरण १९११ मध्ये केले. आजची जे-३०० ही प्रमाणपद्धती त्याचीच पुढची आवृत्ती.

‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, अर्थात हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंड असताना कसे वागते ते सांगतो. २०डब्ल्यू ऑइलमध्ये उणे १५ अंश सेल्सिअसला इंजिन फिरू शकले पाहिजे. ५डब्ल्यूसाठी ही मर्यादा उणे ३० अंश आहे. शेवटचा आकडा इंजिन तापल्यानंतरचा. १०० अंशांना ३० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ग्रेडचा १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचा १६.३ ते २१.९ असावा लागतो.

म्हणजे प्रत्येक ग्रेड हा एक पट्टा आहे. ४० ग्रेडच्या वरच्या टोकाचे ऑइल आणि ५० ग्रेडच्या खालच्या टोकाचे ऑइल यांत फारसा फरक नसतो. आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. २०डब्ल्यू-४० वरून २०डब्ल्यू-५० वर गेले तर थंड अवस्थेतील वर्ग तोच राहतो, फक्त तापल्यावरचा दाटपणा वाढतो. पण ५डब्ल्यू-३० चालणाऱ्या इंजिनात एकदम २०डब्ल्यू-५० ओतले तर थंड आणि गरम, दोन्ही वेळचे गणित बदलते.

महाराष्ट्राच्या हवामानात काय लागते?

थंडीसाठी ओळखल्या जाणाऱ्या निफाडमध्येही पारा उणे १५ अंशांच्या जवळपास जात नाही. त्यामुळे २०डब्ल्यू ऑइल आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नाही. ॲम्बेसेडर, पद्मिनी किंवा सुरुवातीच्या काळातील बाइक यांना २०डब्ल्यू-४० चालत आले ते यामुळेच. उलट विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि हवेवर थंड होणारे बाइकचे इंजिन सिग्नलला उभे असताना चांगलेच तापते. तिथे शेवटचा आकडा महत्त्वाचा ठरतो.

मात्र याचा अर्थ ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यू आपल्याकडे निरुपयोगी असा नाही. सकाळी २० अंश तापमानातही ५डब्ल्यू ऑइल २०डब्ल्यूपेक्षा पातळ असते आणि इंजिनच्या वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते. इंजिन सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही क्षणांत पुरेसे ऑइल नसेल तर धातूवर धातू घासतो. म्हणून ज्या इंजिनची रचनाच पातळ ऑइलसाठी केली आहे, त्याला हवामानाचे कारण देऊन जाड ऑइल देऊ नये.

एसएफ, एसएल, एसएन, एसपी ही अक्षरे काय सांगतात?

हे दर्जे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय ठरवते. पहिले अक्षर ‘एस’ असेल तर ते पेट्रोल इंजिनसाठी आणि ‘सी’ असेल तर डिझेल इंजिनसाठी. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका दर्जा नवा.

पेट्रोलचे एसए ते एसएच हे दर्जे एपीआयने कालबाह्य ठरवले आहेत. एसजे हा २००१ पर्यंतच्या, एसएल २००४ पर्यंतच्या, एसएम २०१० पर्यंतच्या आणि एसएन २०२० पर्यंतच्या इंजिनांसाठी आहे. एसपी मे २०२० मध्ये आणि एसक्यू मार्च २०२५ मध्ये लागू झाला. ही वर्षे अमेरिकी बाजाराच्या हिशेबाने आहेत. आपल्याकडे एखादे जुने इंजिन पुढे दहा-पंधरा वर्षे तसेच बनत राहिल्याची उदाहरणे आहेत. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे उत्पादन २०१४ पर्यंत चालले. त्यामुळे गाडीच्या नोंदणीच्या वर्षापेक्षा इंजिन कोणत्या पिढीचे आहे, हे महत्त्वाचे.

मॅन्युअलमधला दर्जा आता मिळत नसेल तर?

समजा, मॅन्युअलमध्ये एसएफ लिहिले आहे. दुकानदार एसएन देतो. चालेल का? बहुतेक गाड्यांसाठी उत्तर ‘होय’ असे आहे. पेट्रोल इंजिनच्या दर्जांत नवा दर्जा जुन्याची जागा घेऊ शकतो, असेच एपीआयचे धोरण आहे. नव्या ऑइलमध्ये गाळ धरून ठेवण्याची आणि उष्णता सोसण्याची ताकद जास्त असते. एसपीमधील टर्बो इंजिनसाठीच्या काही चाचण्या जुन्या कार्ब्युरेटर गाडीला लागू नाहीत. पण त्यामुळे तिचे नुकसानही होत नाही.

उलट मागे जाणे धोक्याचे. एसएल सांगितलेल्या गाडीत स्वस्तातले एसएफ ऑइल टाकू नये. कोणताही दर्जा न लिहिलेले, सुट्टे विकले जाणारे ऑइल तर पूर्ण टाळावे. एसए दर्जाच्या ऑइलबाबत एपीआयचा इशारा असा, की १९३० नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ते योग्य नाही.

‘नवा दर्जा चालतो’ या नियमाला अपवाद आहेत. बाइकचा ओला क्लच, जुन्या पद्धतीचे सपाट टॅपेट आणि डिझेलमधील एफए-४ हा दर्जा. त्यांचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

जाड ऑइलने जुन्या इंजिनचे काय बिघडते?

जाड ऑइलचा आग्रह पूर्णपणे निराधार नाही. पिस्टन-रिंग आणि बेअरिंग झिजले की फटी वाढतात. त्यातून पातळ ऑइल सहज निसटते, ऑइलचा दाब कमी होतो आणि ते ज्वलनकक्षात जाऊन जळते. जाड ऑइल टाकले की टकटक थोडी कमी ऐकू येते, धूरही घटतो. त्यामुळे उपाय लागू पडला, असे वाटते.

पण झीज भरून येत नाही, ती फक्त झाकली जाते. थंड, जाड ऑइल पंपाला ढकलायला जड जाते. दाब मर्यादेपलीकडे गेला की पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइलचा काही भाग इंजिनच्या भागांपर्यंत न जाता परत फिरतो. गेजवर दाब चांगला दिसतो. पण कॅमशाफ्टपर्यंत पोहोचणारे ऑइल कमी असते. दाब वाढला म्हणजे वंगण वाढले, असे नाही.

शिवाय जाड ऑइल ढवळण्यात इंजिनची ताकद खर्च होते, मायलेज घटते. बेअरिंगमधून ऑइल वेगाने वाहत नसल्याने उष्णता बाहेर नेण्याचे कामही मंदावते. हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनांत बारीक छिद्रांतून ऑइल वेळेवर पोहोचत नाही आणि सकाळी सुरू केल्यावर आवाज उलट वाढतो.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. विक्रीपूर्वी जाड ऑइल भरून आवाज आणि धूर तात्पुरता दाबता येतो. म्हणून गाडी पाहायला जाताना इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावे. त्यानंतर निदान अर्धा तास चालवून, तापलेल्या इंजिनचा धूर आणि ऑइलच्या दाबाचा दिवा पुन्हा पाहावा.

मग एक पायरी वर कधी जावे?

अंदाजाने नव्हे, मोजमाप करून. सपाट जागेवर गाडी उभी करावी, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबावे आणि ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरावे. त्यानंतर एक हजार किलोमीटर चालवून, त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा डिपस्टिक पाहावी. किती ऑइल कमी झाले, ते वहीत लिहून ठेवावे. बऱ्याच कारमध्ये वरच्या आणि खालच्या खुणेत सुमारे एक लिटरचा फरक असतो. अनेक १०० सीसी बाइकमध्ये मात्र एकूण ऑइलच एक लिटरपेक्षा कमी असते. तिथे दोनशे मिलिलिटर कमी होणे म्हणजे पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक ऑइल गेले.

धूरही काही सांगतो. सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाल्याची शक्यता असते. वेग घेताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन-रिंगकडे बोट जाते. न थांबणारा पांढरा धूर आणि दुधाळ झालेले ऑइल म्हणजे आत पाणी जाते आहे. त्यावर कोणतीही ग्रेड उपाय नाही, गाडी तातडीने थांबवून तपासायला हवी.

खालून गळती नाही, ऑइल मात्र दर हजार किलोमीटरला लक्षणीय कमी होते, आणि मॅन्युअलमधील तापमानाच्या तक्त्यात पुढची ग्रेड दिली आहे, अशा वेळी एक पायरी वर जायला हरकत नाही. म्हणजे २०डब्ल्यू-४० ऐवजी २०डब्ल्यू-५० किंवा १०डब्ल्यू-३० ऐवजी १०डब्ल्यू-४०. एकाच पायरीवर थांबावे आणि पुन्हा हजार किलोमीटरचे मोजमाप करावे. फरक पडला नाही, तर पैसे आणखी जाड ऑइलवर न घालवता कॉम्प्रेशनची तपासणी करून घ्यावी. व्हॉल्व्ह सील बदलण्याचे काम पूर्ण इंजिन बांधण्यापेक्षा कितीतरी स्वस्तात होते. दोष सीलचा की रिंगचा, हे आधी कळले तर मोठा खर्च वाचू शकतो.

इंजिन ऑइल पीत नसेल, दाब ठीक असेल, तर गाडी वीस वर्षांची असली तरी ग्रेड बदलण्याचे कारण नाही. वय किंवा किलोमीटरचा आकडा हा स्वतः दोष नव्हे.

ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि जुन्या बुलेटचा प्रश्न वेगळा का?

मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. पण हौसेने जपलेल्या पद्मिनी, ॲम्बेसेडर आणि ओतीव लोखंडी इंजिनच्या बुलेट आजही धावत आहेत. या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली असते आणि पुशरॉडच्या मदतीने व्हॉल्व्ह उघडतात. कॅमचा उंचवटा टॅपेटच्या सपाट पृष्ठभागावर सरळ घासत जातो. नव्या अनेक इंजिनांत या जागी रोलर असतो. जुन्यांत फक्त ऑइलचा पातळ थर.

हा थर तुटला तरी धातू वाचावा म्हणून ऑइलमध्ये जस्त आणि फॉस्फरसचे एक संयुग मिसळतात. झेडडीडीपी या नावाने ते ओळखले जाते. अडचण अशी, की त्यातील फॉस्फरस धुरासोबत जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. त्यामुळे नव्या दर्जांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची कमाल मर्यादा आली. ‘नवे ऑइल जुन्या कॅमशाफ्टला खाते’ अशी भीती जुन्या मोटारींच्या शौकिनांत आहे, ती यावरून.

या भीतीला एक महत्त्वाची मर्यादा आहे. फॉस्फरसची ही अट प्रामुख्याने ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० आणि त्यांच्याहून पातळ ग्रेडसाठी आहे. एसएन दर्जात १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० या ग्रेडना ती कमाल मर्यादा लागू नाही. पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरमध्ये आपल्याकडे याच दाट ग्रेड वापरल्या जातात. त्यामुळे नवा दर्जा, पण जुनीच दाट ग्रेड, असे जुळवले की चिंता बरीच कमी होते. खात्री करायची तर कंपनीच्या संकेतस्थळावरील त्या ऑइलच्या टेक्निकल डेटा शीटमध्ये जस्त आणि फॉस्फरसचे प्रमाण दिले आहे का, ते पाहावे.

वरून वेगळी ‘झिंक’ची बाटली ओतण्याचा मोह टाळावा. ऑइलमधील रसायने ठरावीक प्रमाणात मिसळलेली असतात, ते प्रमाण बिघडते. देशातील चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर १९९५ पासून आले. त्यानंतरच्या, कन्व्हर्टर असलेल्या गाडीत जास्त फॉस्फरसचे ऑइल टाकले तर कॅमशाफ्ट वाचवायच्या नादात पीयूसीत गाडी अडकायची.

बाइकमध्ये कारचे ऑइल का चालत नाही?

कारच्या इंजिन ऑइलला एकच काम असते. बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये तेच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच, तिन्हींना पुरते. क्लचप्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. नव्या कारच्या पातळ ऑइलमध्ये मायलेज वाढावे म्हणून घर्षण कमी करणारी रसायने असतात. क्लचला मात्र घर्षणच हवे असते. असे ऑइल पडले की क्लच घसरू लागतो. इंजिन ओरडते, गाडी पुढे जात नाही.

यासाठी जपानची जासो ही प्रमाणपद्धती आहे. डब्यावर जासो एमए, एमए-१ किंवा एमए-२ असेल तर ते ओल्या क्लचच्या बाइकसाठी. जासो एमबी असेल तर ते कमी घर्षणाचे, म्हणजे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. स्कूटरमध्ये बेल्ट आणि कोरडा क्लच असल्याने इंजिन ऑइलचा क्लचशी संबंध येत नाही. ॲक्टिव्हाला १०डब्ल्यू-३० एमबी सांगितले जाते, तर स्प्लेंडरसारख्या बाइकला १०डब्ल्यू-३० एमए. दोन्ही डबे दिसायला सारखे, ग्रेडही तीच. पण स्कूटरचे ऑइल बाइकमध्ये टाकू नये. डब्यावर ‘एनर्जी कन्झर्व्हिंग’ किंवा ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे लिहिले असेल, तर ते ओल्या क्लचच्या बाइकसाठी नाही, असे समजावे.

ओतीव इंजिनच्या जुन्या बुलेटमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांची ऑइल वेगवेगळी असतात. नंतरच्या बुलेटमध्ये तिन्हींना एकच ऑइल लागते. बुलेट म्हटले की एकच ऑइल, असे धरून चालू नये.

टू-स्ट्रोक चेतक किंवा आरएक्स १०० असेल तर गोष्टच निराळी. तिथे टूटी ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते. फोर-स्ट्रोकचे ऑइल त्यात मिसळले तर त्यातील धातुयुक्त रसायनांची राख प्लगवर आणि पिस्टनवर साचते. टूटीसाठी जासो एफबी, एफसी, एफडी असे वेगळे दर्जे आहेत. यातील एफसी आणि एफडी कमी धुराचे. या गाड्यांच्या गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असते आणि तेच नेमके बदलायचे राहून जाते.

डिझेल गाड्यांचे काय?

जुनी जीप, सुमो, टेम्पो किंवा पिकअप यांना बहुधा १५डब्ल्यू-४० लागते आणि दर्जा सीएफ-४, सीएच-४ किंवा सीआय-४. इथेही नवा दर्जा जुन्या गाडीला चालतो. सीके-४ हा दर्जा डिसेंबर २०१६ मध्ये आला, तो सीआय-४ च्या जागी वापरता येतो. मात्र त्याच दिवशी आलेला एफए-४ हा दर्जा जुन्या इंजिनसाठी नाही. ते ऑइल मुद्दाम पातळ बनवलेले असून विशिष्ट नव्या इंजिनांसाठीच आहे.

पूर्वी आपल्या डिझेलमध्ये गंधक भरपूर असे. भारत स्टेज-२ च्या काळात ही मर्यादा दर दहा लाख भागांत ५०० होती. एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये ती १० वर आली. गंधक जळून आम्ल तयार होते आणि ते मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कलीचा साठा ठेवावा लागतो. इंधन स्वच्छ झाल्याने जुन्या इंजिनच्या ऑइलवरील हा भार कमी झाला आहे.

ज्यांच्याकडे जुनी आणि बीएस-६, अशा दोन्ही गाड्या आहेत, त्यांनी मात्र जपावे. बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. सीआय-४ ऑइलची राख या फिल्टरमध्ये साचते आणि तो बदलणे फार महाग पडते. नव्या गाडीचे ऑइल एखाद्या वेळी जुनीला चालेल. जुनीचे नवीला चालणार नाही. धंद्याच्या दोन-तीन गाड्यांना मिळून एकच बॅरल आणण्याआधी दोन्ही मॅन्युअल पाहावीत.

सिंथेटिक ऑइलने गळती सुरू होते का?

सिंथेटिक ऑइलच्या सुरुवातीच्या काळात काही प्रकारांमुळे रबरी सील आकसल्याच्या तक्रारी होत्या. आजच्या ऑइलना सीलशी जुळण्याच्या चाचण्या पार कराव्या लागतात. तरीही जुन्या गाडीत सिंथेटिक टाकल्यावर गळती दिसल्याचा अनुभव काहींना येतो. त्याचे कारण बहुतेक वेळा असे असते, की सील आधीच कडक होऊन तडकलेले असते आणि साचलेल्या गाळाने फट बुजलेली असते. नवे ऑइल तो गाळ विरघळवते आणि लपलेली गळती उघडी पडते.

साध्या, रोज थोडे अंतर चालणाऱ्या जुन्या गाडीला योग्य ग्रेडचे, चांगल्या दर्जाचे मिनरल ऑइल वेळेवर बदलले तर पुरेसे होते. महाग सिंथेटिक भरून ते दुप्पट दिवस चालवण्यापेक्षा हे बरे.

ऑइल काळे पडले म्हणजे संपले का?

नाही. ऑइल काळे पडते कारण ते काजळी आणि गाळ स्वतःत धरून ठेवते. डिझेल इंजिनमध्ये तर नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे होते. शेकडो किलोमीटरनंतरही लख्ख राहिलेले ऑइल कदाचित साफसफाई करतच नसेल.

बदलण्याची वेळ ठरते ती किलोमीटर आणि महिने, यांपैकी जे आधी येईल त्यावरून. आठवड्यातून एकदा भाजी आणायला निघणारी गाडी वर्षभरात दोन हजार किलोमीटरही जात नाही. पण छोट्या फेऱ्यांत इंजिन पूर्ण तापत नाही, आत पाणी आणि पेट्रोल साचते, ऑइल आम्लधर्मी होते. अशा गाडीचे ऑइल वर्षातून एकदा तरी बदलावे. फिल्टरही त्याच वेळी बदलावा.

वर्षानुवर्षे दुर्लक्षित इंजिन डिझेल ओतून ‘फ्लश’ करण्याची पद्धत काही गॅरेजांत आहे. ती टाळावी. एकदम सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकला तर ऑइलचा पुरवठाच खुंटतो. त्याऐवजी चांगल्या दर्जाचे ऑइल भरून पहिली बदली दीड-दोन हजार किलोमीटरवरच करावी. गाळ सावकाश निघून जातो.

प्रवासात ऑइल कमी पडले आणि तीच कंपनी मिळाली नाही तर? एपीआय दर्जाची ऑइल एकमेकांत मिसळू शकली पाहिजेत, अशी अटच आहे. त्यामुळे जवळच्या ग्रेडचे, योग्य दर्जाचे दुसऱ्या कंपनीचे ऑइल थोडे टाकून घर गाठता येते. कोरड्या इंजिनपेक्षा ते केव्हाही चांगले.

बनावट ऑइल कसे टाळावे?

अस्सल डब्यात भरलेले नकली ऑइल ही जुनी डोकेदुखी आहे. अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह खरेदी करावी. झाकणाचे सील आणि उत्पादनाची तारीख पाहावी, कंपनीने क्यूआर कोड दिला असेल तर तो स्कॅन करावा. एपीआयचे गोल चिन्हही पाहावे. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात दर्जा आणि मधोमध ग्रेड असते. परवाना घेतलेल्या ऑइलची यादी एपीआयच्या संकेतस्थळावर तपासता येते. गॅरेजमध्ये ऑइल आपल्यासमोर, सीलबंद डब्यातून ओतायला सांगावे आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच तो टाकावा. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नये, ते घातक कचऱ्यात मोडते. अधिकृत संकलकाकडे देणाऱ्या गॅरेजकडेच सोपवावे.

थोडक्यात, निवड कशी करावी?

आधी मॅन्युअलमधील ग्रेड शोधावी. मॅन्युअल नसेल तर ते कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये मिळते का पाहावे. ग्रेड तीच ठेवावी आणि दर्जा मॅन्युअलमधील किंवा त्याहून नवा घ्यावा. गिअरची बाइक असेल तर जासो एमए किंवा एमए-२ पाहावे. पुशरॉडचे जुने इंजिन असेल तर दाट ग्रेड आणि जस्ताचे प्रमाण पाहावे. डिझेल असेल तर एफए-४ टाळावे. हजार किलोमीटरचे मोजमाप केल्याशिवाय ग्रेड बदलू नये आणि बदललीच तर एका पायरीपुरती.

मेकॅनिकने पुढच्या वेळी ‘जरा जाड टाकू या’ म्हटले, तर त्याला एवढेच विचारावे, ‘हजार किलोमीटरला ऑइल किती कमी होते, ते आधी बघू या का?’ चांगला मेकॅनिक या प्रश्नाने नाराज होणार नाही.